ढोलकीच्या माईकवरचा अल्बम

ढोलकीला आम्ही रोज जो माईक लावतो तो शुअर कंपनीचा एसएम ५७, वाद्यांना लावायचा. अमेरिकन गायक जस्टिन व्हर्ननच्या बोन इव्हेर या बँडचा ‘फॉर एमा, फॉरएव्हर अगो’ हा अल्बम मुख्यतः त्याच माईकवर रेकॉर्ड झालाय हे कळलं तेव्हा मी दोनदा विचारलं, नक्की ना? लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गायकाच्या हातात सत्तावन दिला तर तो तोंड वाकडं करतो, “अठ्ठावन नाही का?” म्हणजे गाण्यासाठीचा एसएम ५८.

व्हर्ननचा आधीचा बँड रॅले शहरात फुटला, प्रेम मोडलं, आजारपण यकृतापर्यंत गेलं. २००६ च्या हिवाळ्यात तो विस्कॉन्सिनमध्ये वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये जाऊन राहिला, साधारण तीन महिने. ही गोष्ट सगळेच सांगतात. बर्फात बसून बेसूर गाणारेही असतीलच की.

हेडफोन लावा आणि ‘लम्प सम’ची सुरुवात ऐका. चर्चमधले दहा-वीस जण गातायत असं वाटतं. सगळा एकच माणूस! पातळ, वरच्या पट्टीत, स्वतःच्या आवाजावर स्वतःचाच आवाज चढवत गेलाय. आमच्याकडे भजनात बुवा ओळ टाकतात आणि मागचे गळे ती उचलतात. इथे बुवाही तोच, टाळकरीही तोच. थर अगदी काटेकोर जुळवलेले नाहीत, एखादा श्वास मागे राहतो. माझ्या हाताखालचा पोरगा हे सगळं कॉम्प्युटरमध्ये ग्रिडवर, म्हणजे तालाच्या रेघांवर, सरळ करून देईल, आणि गाणं तिथेच मरेल.

व्हर्ननने आधी नुसत्या आवाजांवर चाली बसवल्या, त्या आवाजांत बसतील असे शब्द मागून शोधले. त्यामुळे माझ्यासारख्या बेताच्या इंग्रजीवाल्याचं काही अडत नाही.

‘टीम’ मात्र मला भरतीचं वाटलं. नऊच गाणी, त्यात हे कशाला? आणि ‘सगळं एकट्याने’ हेही पुरतं खरं नाही. ‘फॉर एमा’मधले ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन दुसऱ्यांनी वाजवलेत, आणि ते गाणं त्यांच्यामुळेच उभं राहतं.

बँडचं तर सगळं उलटंच. २००७ मध्ये व्हर्ननने स्वतःच ५०० सीडी काढल्या, २००८ मध्ये जॅगजॅगुवार या रेकॉर्ड कंपनीने अल्बम बाजारात आणला. माणसं जमली ती रेकॉर्डिंगनंतर. शॉन कॅरीने घरी ऐकून ऐकून ड्रम आणि वरचे सूर बसवले आणि सरळ कार्यक्रमाच्या जागी जाऊन व्हर्ननला सांगितलं, मला सगळी गाणी येतात. माइक नॉइस तर व्हर्ननकडे गिटार शिकलेला.

शेवटचं ‘री: स्टॅक्स’ जवळपास सात मिनिटांचं, गिटार आणि आवाज, बस. हल्ली हॉलवर सिस्टीम जोडून झाली की टेस्टिंगला मी तेच लावतो. मिडमध्ये, म्हणजे मधल्या पट्टीच्या आवाजात, जरा गडबड असली तरी लगेच कळते. परवा केटरिंगचा पोरगा ताटं मांडता मांडता थांबला, थोडा वेळ ऐकलं आणि हळूच म्हणाला, “दादा, नवरीकडचं कोणी गेलंय का?”