ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी: कंपनीची पॉलिसी की घरची, कॅशलेस की आधी भरून मग क्लेम

मागच्या वर्षी आईच्या पित्ताशयात खडे निघाले. सर्जन म्हणाले घाबरायचं कारण नाही, पण दोन-तीन आठवड्यांत दुर्बिणीतून ऑपरेशन उरकून घ्या. आमच्याकडे दोन पॉलिस्या, एक माझ्या कंपनीची ग्रुप पॉलिसी ज्यात आईबाबांना ॲड केलेलं आणि एक आईच्या नावाची वेगळी, १४ महिन्यांपूर्वी घेतलेली, त्यामुळे मी अगदी निवांत होतो. रात्री जेवणं झाल्यावर दोन्हीचे कागद टेबलावर पसरून वाचायला बसलो आणि निवांतपणा गेला.

आईची पॉलिसी वाचायला एकदम मस्त. कुठलीही सिंगल रूम घ्या, को-पे (म्हणजे क्लेमचे ठराविक टक्के आपण भरायचे) नाही. पण खडे, हर्निया, मोतीबिंदू, गुडघा बदलणं अशा ठराविक आजारांना २४ महिन्यांचं वेटिंग, म्हणजे तोवर क्लेम नाही, आणि आमचे भरलेले १४. म्हणजे ह्या ऑपरेशनसाठी ती बाद. (बीपी-शुगरसारख्या आधीपासूनच्या आजारांचं वेटिंग वेगळं मोजतात, २०२४ च्या नव्या नियमांनी ते जास्तीत जास्त ३६ महिने केलंय, आधी ४८ होतं.) कंपनीच्या पॉलिसीत असलं वेटिंग काही नाही, पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर, फक्त तिथे दोन अटी: रूमचं भाडं विमा रकमेच्या १%, म्हणजे ५ लाखांवर दिवसाला ५,००० पर्यंतच, आणि आईवडिलांच्या क्लेममध्ये १०% को-पे.

त्यातली रूमची अट नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. आपल्याला वाटतं ८,००० ची रूम घेतली तर वरचे ३,००० आपण देऊ, तीन दिवसांचे ९,०००, त्यात काय एवढं. तसं होत नाही. ५,००० भागिले ८,००० म्हणजे ६२.५%, आणि सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग ह्या सगळ्यावर विमा कंपनी तेवढेच टक्के देते. औषधं, तपासण्या, इम्प्लांट ह्यांना ही कात्री लावता येत नाही, हे लक्षात ठेवा, कोणी लावली तर भांडा.

समजा बिल दीड लाखाचं आहे: रूम २४,०००, सर्जन-ओटी वगैरे ८०,०००, औषधं-तपासण्या ४०,००० आणि ग्लोव्हज-किट असलं विम्यात न मिळणारं ६,०००. विमा कंपनी धरणार १५,००० अधिक ५०,००० अधिक ४०,०००, म्हणजे १,०५,०००, त्यातून १०% को-पे वजा, हातात ९४,५००. खिशातून गेले ५५,५००. हेच ५,००० च्या रूममध्ये राहिलात आणि बाकीचे आकडे तेच धरले तर बिल १,४१,०००, मिळणार १,२१,५०० आणि खिशातून १९,५००. रूममधला फरक ९,००० चा आणि खिशाला फरक ३६,००० चा! आणि बऱ्याच ठिकाणी रूमची कॅटेगरी वाढली की सर्जनची फीसुद्धा वाढते, ते मी इथे धरलंच नाहीये. आम्ही ट्विन शेअरिंग घेतली, आईला बाजूच्या बेडवरच्या काकूंची सोबत झाली आणि तिसऱ्या दिवशी ती घरी.

आता कॅशलेस (विमा कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते) की रिइंबर्समेंट (आधी आपण भरून मग क्लेम). हॉस्पिटल नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं असेल तर प्लॅन केलेल्या ऑपरेशनला मी डोळे झाकून कॅशलेस म्हणेन. सर्जनचा अंदाजखर्च आणि रिपोर्ट टीपीए डेस्कला (हॉस्पिटलमधला विम्याचं काम बघणारा काउंटर) चार-पाच दिवस आधीच द्या, म्हणजे काय कापलं जाणार ते ॲडमिट व्हायच्या आधी कळतं. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ च्या नियमाप्रमाणे विमा कंपनीने पहिलं उत्तर एका तासात आणि डिस्चार्जचं तीन तासांत द्यायचं असतं, पण हे तीन तास हॉस्पिटलने फायनल बिल पाठवल्यावर सुरू होतात. आमचं झालं असं की डॉक्टर सकाळी ११ ला घरी जा म्हणाले आणि बिलिंगवाल्यांनी फाईल पाठवली दुपारी २ ला, मी दर अर्ध्या तासाने जाऊन विचारलं म्हणून निदान तेव्हा तरी गेली. सकाळीच जाऊन मागे लागा.

रिइंबर्समेंटला हॉस्पिटल तुमच्या मनासारखं निवडता येतं, पण पैसे आधी तुमचे अडकतात, आणि ओरिजिनल बिलं, डिस्चार्ज समरी, प्रत्येक औषधाच्या बिलासोबत चिठ्ठी हे सगळं गोळा करावं लागतं. वर्षानुवर्षांचे सर्जन नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलमध्ये असतील तर ४८ तास आधी विमा कंपनीला कळवून तिथेही कॅशलेस मागता येतं, हॉस्पिटल तयार झालं तर. आणि कॅशलेस केलं तरी ऑपरेशनच्या आधीची सोनोग्राफी, रक्ततपासण्या आणि नंतरची औषधं ही वेगळी क्लेम करायची असतात, सहसा आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस मिळतात. आमच्या बाबांनी ती बिलं एका जुन्या पाकिटात जपून ठेवली होती म्हणून ते पैसे मिळाले.

पॉलिसीच नसेल, किंवा वेटिंगमध्ये अडकली असेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजना विसरू नका. आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. अट एवढीच की हॉस्पिटल योजनेत हवं आणि ऑपरेशन त्यांच्या यादीत हवं, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचं किंवा १५५३८८ वर फोन करायचा. घरात कोणी ७० किंवा त्यापुढचं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड (ज्येष्ठांसाठीचं सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड) आजच काढा, खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतो.

तुमची परिस्थिती आमच्यासारखी असेल तर कंपनीचीच पॉलिसी वापरा, रूम मर्यादेत ठेवा आणि दुसरी बंद करायचा विचारसुद्धा करू नका, कारण नोकरी सुटली की ग्रुप कव्हर जातं आणि साठीनंतर नव्याने घ्यायचं तर वेटिंग पहिल्यापासून. आईच्या पॉलिसीचे २४ महिने आता पूर्ण झालेत, पुढच्या महिन्यात बाबांचा हर्निया आहे आणि त्यांना काही त्या पॉलिसीत घेतलेलं नाही, त्यामुळे उद्या परत टीपीए डेस्कला ५,००० च्या आतली रूम विचारायला जायचंय.