तळ सरळ केलेली १६ फुटी बोट: शिवसागरवर एक हंगाम वापरल्यानंतर

बोट साधी आहे: १६ फुटी, व्ही आकाराच्या तळाची, फायबरची. मागे ४० एचपीचं आउटबोर्ड इंजिन, १२ इंच पिचचा (एका फेऱ्यात हिशोबाने पुढे जाण्याचं अंतर) पंखा, गिअर रेशो २:१. वापर शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, तापोळा-बामणोली पट्ट्यात. मागच्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर तळाचं काम केलं आणि पावसाळा सरल्यापासून बोट सतत पाण्यात आहे. इंजिन आणि पंखा तेच ठेवले, त्यामुळे जो फरक पडला तो तळाचा आणि इंजिनच्या उंचीचा.

आधी दोन माणसं बसवून पूर्ण थ्रॉटलला ५००० आरपीएम आणि जीपीएसवर ताशी ३७ किमी मिळायचे. आता ५४०० आरपीएम आणि ४२ किमी. हिशोब असा: ५००० आरपीएमला पंखा मिनिटाला २५०० फेरे घेतो. गुणिले १२ इंच म्हणजे ताशी ४५.७ किमी व्हायला हवेत. मिळत होते ३७, म्हणजे स्लिप (हिशोबाच्या मानाने वाया जाणारा वेग) १९ टक्के. आता ती १५ वर आली आहे. पण वेगापेक्षा मोठा फायदा भरलेल्या बोटीत दिसतो. सहा माणसं बसली की पूर्वी बोट पाण्यावर चढायचीच नाही, पाणी ढकलत जायची. आता चढते, आणि चढली की थ्रॉटल बराच मागे घेता येतो.

दोष होता शेवटच्या चार फुटांत. उन्हाळ्यात बोटी काठावर ओढून दगडांवर नाहीतर टायरवर ठेवतात. टेकू तळाच्या मध्यावर येतो, ट्रान्सम (इंजिन बसतं ती मागची भिंत) अधांतरी राहतो आणि इंजिनचं वजन त्यावरच लोंबतं. दोन-तीन उन्हाळ्यांत ट्रान्समच्या थोडं पुढे तळाला खोलगट बाक येतो. धावताना हा बाक मागचा भाग वर ढकलतो आणि नाक खाली दाबतो. त्यामुळे घर्षण वाढतं, आणि मागून लाट आली की नाक पाण्यात रुतून बोट आडवी वळू बघते. दुपारच्या वाऱ्यात बामणोलीकडे येताना स्टिअरिंगशी झटापट करावी लागते, त्याचं कारण अनेकदा हेच असतं. दोष वाऱ्यावर ढकलला जातो, तळ कोणी बघत नाही.

तपासणी सोपी आहे. बोट उलटी करा. अ‍ॅल्युमिनियमचा दीड मीटरचा सरळ सेक्शन ट्रान्समपासून पुढे, मधल्या कण्याला समांतर धरा आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिकाणी बघा. खालून हॅकसॉचं पातं अडखळत सरकत असेल तर चिंता नाही. ३ मिमीचा ड्रिल बिट आरपार जात असेल तर काम काढा. आमच्याकडे डावीकडे ४ आणि उजवीकडे ३ मिमी होतं.

खोलगट भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) उतरवून खरबरीत केला, आठ-दहा दिवस उन्हात सुकवला आणि एपॉक्सीने भरला. गाडीच्या डेंटिंगची पुट्टी इथे लावू नका. ती पाणी पिते, फुगते आणि पहिल्याच हंगामात पापुद्रा सुटतो. एपॉक्सीत सिलिका पावडर श्रीखंडाइतकी घट्ट होईपर्यंत मिसळायची. एका वेळी २०० ग्रॅमच्या वर कालवायचं नाही, एप्रिलच्या उन्हात डबाच तापून धूर काढतो. भरावावर विणलेल्या काचतंतूच्या कापडाचा एक थर दिला. फायबरवाले सवयीने मॅट (काचतंतूचे सुटे तुकडे चिकटवलेली चादर) टाकतात, पण तिचा बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा गोंद, पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, एपॉक्सीने नाही, म्हणून ती नीट भिजत नाही. प्रत्येक थर वाळला की वर येणारा मेणचट थर पाण्याने धुऊनच पुढचा हात द्यायचा. सगळं मिळून तीनेक किलो एपॉक्सी लागलं. वर जेलकोट मारू नका, एपॉक्सीवर तो भरवशाने धरत नाही. एपॉक्सीचाच शेवटचा कोट पुरतो.

दुसरं काम कडांचं, आणि खर्चाच्या मानाने फायदा यात जास्त. तळ आणि ट्रान्सम जिथे मिळतात ती कड साच्यातून गोल आलेली असते, नाहीतर घासून गोल झालेली असते. पाणी त्या गोलाईला चिकटून वर वळतं आणि बोटीचा मागचा भाग खाली ओढतं. कड काटकोनात धारदार असली की पाणी तिथेच सुटतं. त्यासाठी प्लायच्या पट्टीला पॅकिंगची खाकी टेप लावून ती ट्रान्समला क्लॅम्प केली, तळापेक्षा ५ मिमी पुढे काढून. कोपऱ्यात घट्ट एपॉक्सी भरली, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तळाच्या रेषेत घासली. बाजूच्या चाइनच्या (तळ आणि बाजूची भिंत मिळते ती कड) शेवटच्या तीन फुटांनाही हेच केलं.

मग इंजिन २० मिमी वर घेतलं. अँटी-व्हेंटिलेशन प्लेट (पंख्याच्या वरची आडवी पट्टी) तळाच्या रेषेपेक्षा किंचित वर आली. इंजिनच्या बोल्टची जुनी भोकं एपॉक्सीने भरलीच पाहिजेत, नाहीतर ट्रान्सममधलं प्लाय कुजतं. उंची बदलल्यावर कूलिंगच्या पाण्याची धार सतत येते का, हे वळणावरही बघा.

तक्रारी दोन. बाक गेल्यामुळे नाक मोकळं झालं आणि मागे जास्त माणसं बसली की तिशीच्या वेगात बोट उड्या मारायला लागते. टिल्ट पिन (इंजिनचा कल ठरवणारी खीळ) एक भोक आत घेतली, पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली नेली, तेव्हा थांबली. दुसरी म्हणजे धारदार चाइन पाणी घट्ट पकडते आणि बोट झटक्यात वळते. नवख्याच्या हातात द्यायची तर आधी हे सांगा.

पंख्याबद्दल एक. शिवसागर भरलेला असताना समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर असतो, आणि विरळ हवेत इंजिनची ताकद सहा-एक टक्क्यांनी घटते. मालवणला १३ पिचवर खूश असलेलं इंजिन इथे गुदमरतं. १ इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. इंजिनच्या प्लेटवर बसवायचे पंख म्हणजे फॉइल घ्यायचा विचार असेल, तर तो तळ सरळ केल्यावरच करा. वाकड्या तळावर ते दोष झाकतात आणि वेग खातात.

बोट पुन्हा काठावर घेताना दगड नको. कण्याखाली एक आणि दोन्ही बाजूंना एकेक अशा लाकडी फळ्या, थेट ट्रान्समपर्यंत, आणि इंजिन उतरवून वेगळ्या स्टँडवर.