प्लॅस्टिक लावून पर्यावरण छापालाय व्हय? कोल्हापूरच्या बिंदू चौकाजवळच्या जुन्या प्रेसचा अनुभव

रेटिंग आधीच सांगतो, 5 पैकी 4. तो एक स्टार कुठं गेला ते पुढं येईलच.

आम्ही रंकाळ्याच्या बाजूचे सहा-सात जण, कोण कॉलेजला, कोण नोकरीला, एक रिटायर्ड मावशी पण आहेत. बरेच दिवस डोक्यात होतं की आपल्या भागातल्या पाणी-कचरा-नदी ह्या विषयावर एक छोटी पुस्तिका काढायची, झीन म्हणतात तसली, घरीच लिहायची घरीच चित्रं काढायची आणि गल्लीत वाटायची. रंकाळ्यातलं केंदाळ, जयंती नाला पंचगंगा नदीला कुठं मिळतो तिथपर्यंत चालत जाऊन केलेली नोंद, 2019 आणि 2021 च्या पुरात कुणाच्या घरात कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं ते, आणि एक पान नुसतं दुरुस्तीचं, म्हणजे मिक्सर कोण दुरुस्त करतंय, छत्री कोण, चपलेला नवीन तळ कोण लावून देतंय. हे शेवटचं पान मावशींचं, आणि लोकांनी सगळ्यात जास्त तेच वाचलं, आमच्या नाल्याच्या लेखाकडं कुणी बघितलं पण नाही.

तर पहिल्यांदा गेलो एका चकाचक डिजिटल प्रिंटवाल्याकडं. नाव घेत नाही. त्यानं आमची पीडीएफ स्वतःच्या जुन्या कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडली आणि सगळे रफार आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. नमुन्याच्या पाच प्रती केल्या त्यात 'सांडपाणी'चं काय झालेलं ते इथं लिहिता येत नाही. वर न विचारता कव्हरला ग्लॉसी लॅमिनेशन! सिंगल यूज प्लॅस्टिकवर दोन पानं लिहिलेली पुस्तिका प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून हातात. पैसे दिले आणि गप बाहेर आलो.

मग कुणीतरी ह्या प्रेसचं सांगितलं. बोर्डावरची अक्षरं कधीच उडाल्यात, बाहेर लग्नपत्रिकांचे नमुने टांगलेत ती खूण. आत एक छोटं ऑफसेट मशीन, एक कटिंग मशीन, आणि काका. काकांनी आमची डिजिटलवाली प्रत उलटीसुलटी करून बघितली, कव्हरवर नखानं खरवडलं आणि म्हणाले, "प्लॅस्टिक लावून पर्यावरण छापालाय व्हय?" आम्ही तिथंच खल्लास.

नंतर विचारलं पानं किती, आम्ही म्हटलं अठरा. "सोळा करा न्हाईतर वीस करा, अठरा कुठनं बसवू?" त्यांनी रद्दीतले चार कागद घेतले, मधून दुमडले, एकात एक घातले आणि पेन्सिलनं नंबर टाकले. एका कागदाची चार पानं होतात म्हणून चारच्या पटीतच जायचं, आणि पान 1 आणि पान 16 एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापायचं असतं, 2 च्या शेजारी 15. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आम्ही आपलं 1, 2, 3 असं सरळ लावून आलेलो. दोन पानं कमी करायला सांगितल्यावर नाल्याचा लेख तीनवरून एक पानावर आला, खरं सांगायचं तर बरंच झालं.

आणि नकाशा. आम्ही चिखलीच्या प्रयाग संगमापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत पंचगंगा काढलेली, दोन पानांवर पसरून, पण टाकलेली पान 4 आणि 5 वर. काका म्हणाले ही नदी मधोमध 8-9 वर आणा, तिथंच कागद अखंड असतो, बाकी सगळीकडं दोन वेगवेगळे कागद शेजारी येतात आणि नदी तुटून वर-खाली सरकती. मग सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीवर मारतात त्या पिनांच्या, जागेवर बोट ठेवून बघितलं तर वरची पिन बरोबर रुईच्या बंधाऱ्यात घुसत होती. "नदी अर्धा इंच खाली घ्या, दोन पिनांच्या मधनं जाऊ दे." तशी घेतली. नकाशाखाली राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीची पट्टी आहे, 39 फूट इशारा, 43 फूट धोका, आणि 2019 ला पाणी 55 च्या वर गेलेलं ती रेघ पार पानाच्या कडेला टेकती. पुढच्या पावसाळ्यात लोकांनी त्यावर स्वतः पेननं खुणा कराव्यात म्हणून कागद साधा, बिनचकाकीचा मॅपलिथो घेतला, चकचकीत आर्ट पेपरवर बॉलपेन नीट उमटत नाही, हे पण काकांचंच.

कव्हरला रंगीत छपाई करायची नाही म्हणाले, पिस्ता रंगाचा जाड कागद घ्या आणि वर नुसती काळी शाई. एका रंगात दोन रंगांचं काम. 200 प्रती, आतली 16 पानं अधिक कव्हर, 22 रुपयाला एक पडली. आम्ही 30 ला देतोय. कटिंगमधून निघालेल्या पट्ट्या टाकून देत नाहीत, गोंद लावून त्यांची चिठ्ठ्यांची पॅडं करून ठेवतात, आमच्याच कागदाची चार पॅडं जाताना फुकट मिळाली. झीनमध्ये आम्ही ज्यावर लेख लिहिलाय ते हा माणूस न बोलता करतोय, जरा लाजल्यासारखं झालं.

आता कटलेला स्टार. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले. लग्नसराई, पत्रिका आधी. फोन उचलत नाहीत, उचलला तर "उद्या या". आमचा वाटपाचा रविवार गेला. शिवाय वीस-बावीस प्रतींत एक कागद उलटा बसलेला, 4 नंतर डायरेक्ट 11. दाखवल्यावर वाद न घालता पिना काढून परत लावून दिल्या, पण मोजून आम्हालाच घ्याव्या लागल्या. त्यातल्या दहा मावशींनी घरी नेऊन गोधडीच्या दोऱ्यानं शिवल्या आणि त्या पिनवाल्यांपेक्षा भारी दिसतात, पिन गंजायचा पण प्रश्न नाही. पुढचा अंक सगळाच शिवायचा विचार चाललाय, 200 प्रती शिवणार कोण हे मात्र ठरलेलं नाही, सगळे मावशींकडं बघालेत.

जाणार असाल तर फाँट कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार करून, फाइल न्या, पेनड्राइव्हवर, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर ती काका बघतीलच असं नाही. लग्नाचे मुहूर्त नसलेला महिना बघा. एक घरचं प्रूफ दुमडून, पिन मारून सोबत न्या, म्हणजे काका आधी तेच हातात घेतात. आणि गाडी चौकात न लावता जरा लांब लावून चालत जा, दुकानासमोर एक सायकल लागती, ती काकांची.