घनता आणि उष्णता वहनाचं किट: सातवी ते नववीच्या मुलांसाठी घ्यावं का?

मी घरी सातवी ते नववीच्या मुलांचे सायन्सचे क्लासेस घेते, त्यासाठी हे किट घेतलं आणि आता पुरेसं वापरून झालंय म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही कारण थोड्याफार फरकाने असाच सेट बऱ्याच नावांनी मिळतो, शाळेच्या लॅबचं कितीतरी सामान हरियाणातल्या अंबाल्यातच बनतं. किंमत दीड हजाराच्या आत.

आत काय येतं तर तांबं, पितळ, लोखंड, अल्युमिनियम आणि लाकूड असे 2 सेंटिमीटरचे घन, 100 मिलीचा प्लास्टिकचा मोजपात्र सिलिंडर, थर्मामीटर, सुई नसलेली सिरिंज, स्पिरिटचा दिवा आणि उष्णता वहनाचं चक्र, म्हणजे मधे पितळेची चकती आणि तिच्यातून बाहेर निघालेल्या तांबं, अल्युमिनियम, पितळ, लोखंड, स्टेनलेस स्टील अशा सारख्या लांबीच्या पाच सळ्या.

या किटची खरी मजा म्हणजे घन आणि सळ्या दोन्हीकडे तेच चार धातू आहेत. मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की जो धातू जड तो उष्णता पण भारी वाहून नेणार. मग आधी घन हातात द्यायचे, किचनच्या वजनकाट्यावर ठेवायचे. आकारमान सगळ्यांचं 8 घन सेंमी, तांबं 71 ग्रॅमच्या आसपास, पितळ 67-68, लोखंड 63 च्या जवळ आणि अल्युमिनियम फक्त 21-22. भागाकार केला की अल्युमिनियमची घनता 2.7 येते, पुस्तकातलीच, आणि ते स्वतः काढलेलं असल्यामुळे मुलं एकदम खूश होतात. मग चक्र घ्यायचं, प्रत्येक सळीच्या टोकाला मेणाने काडेपेटीची काडी चिकटवायची आणि मधल्या चकतीखाली दिवा. आधी पैजा लावायला सांगते, बहुतेक जण अल्युमिनियमला शेवटचा नंबर देतात. तांब्याच्या टोकाचं मेण आधी कडेने चकाकतं, पारदर्शक होतं, काडी जरा तिरकी होते आणि टपकन पडते, आणि तिच्या पाठोपाठ पडते ती अल्युमिनियमची! सगळ्यात हलका धातू दुसरा. पितळ आणि लोखंड नंतर, आणि स्टीलची काडी तर हलायचं नावच घेत नाही, कारण स्टेनलेस स्टीलची वाहकता तांब्याच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्याइतकीच असते. स्टीलच्या पातेल्यांना खाली तांब्याचा थर का देतात हे मग समजावून सांगावंच लागत नाही, मुलंच सांगतात.

एक मात्र सांभाळा, मेणाचा थेंब सगळीकडे सारखा हवा, तांब्याला जाड लागला तर अल्युमिनियम जिंकतं आणि मग तासभर भांडण. आणि नववीच्या मुलांना हेही सांगते की काडी किती लवकर पडते हे नुसत्या वाहकतेवर ठरत नाही, सळी स्वतः तापायला किती उष्णता खाते त्यावरही असतं. या पाच धातूंत क्रम तोच राहतो म्हणून प्रयोग चालून जातो.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे घन सिलिंडरमध्ये जातच नाहीत! 2 सेंटिमीटरच्या घनाच्या एका बाजूच्या चौरसाचा कर्ण 2.8 सेंमी होतो आणि सिलिंडर आतून तेवढा रुंद नाही, म्हणजे पाण्यात बुडवून आकारमान काढायचा प्रयोग, जो पुस्तिकेत चक्क चित्रासकट दिलाय, तो होऊच शकत नाही. सेट बनवणाऱ्याने एकदा तरी घन टाकून बघायचा ना. 250 मिलीचा सिलिंडर वेगळा आणावा लागतो, त्याच्यावर खुणा 2-2 मिलीच्या असतात पण 8 मिली नीट वाचता येतं. पुस्तिका फक्त इंग्रजीत, मराठी मीडियमच्या मुलांना वहन, घनता, अवस्थांतर हे सगळं आपणच जोडून द्यायचं.

पदार्थाच्या अवस्थांचा भाग ठीकठाक. सिरिंजचं तोंड बोटाने दाबून आधी हवा दाबायची मग पाणी, फरक हाताला लगेच कळतो. थर्मामीटर बरा निघाला, बर्फ ढवळत राहिलं तर सगळं वितळेपर्यंत 0 ला चिकटून बसतो. उकळत्या पाण्यात मात्र पुण्यात 98 च्या आसपासच दाखवेल, तो खराब आहे म्हणून परत करू नका, पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे आणि तिथे पाणी तेवढ्यालाच उकळतं. मुंबईतल्यांना 100 दिसायला हवं.

माझ्या मते पूर्ण सेट घेण्यापेक्षा घन आणि चक्र सुटे मिळाले तर तेवढेच घ्या, बाकीचं घरात किंवा मेडिकलमध्ये मिळतं. वजनकाटा 0.1 ग्रॅमचा असेल तर उत्तम, कारण लाकडाचा घन जेमतेम 5-6 ग्रॅमचा. मोठ्या माणसाशिवाय दिवा पेटवू देऊ नका, स्पिरिट पेटत्या दिव्यात कधीच ओतायचं नाही, आणि चक्र दिवा विझवल्यावरही बराच वेळ तापलेलं असतं तेव्हा लाकडी मुठीचंच घ्या, प्लास्टिकच्या मुठीचं पण विकायला आहे.