२४०झेडमध्ये ३.१ लिटर: चौदा महिन्यांचा अनुभव, आणि एका पुलीबद्दल जरा जास्तच

चौदा महिने, नऊ हजार किलोमीटर, आणि माझ्या डॅटसन २४०झेड गाडीत बसवलेल्या ३.१ लिटर इंजिनाच्या पाचव्या सिलिंडरने मान टाकली. चालू इंजिनची ऑइल कॅप काढली की आतून कुणी फुंकर घालावी तसा धूर. पाचव्याचं कॉम्प्रेशन बाकीच्यांच्या निम्मं. हेड उतरवून पिस्टन काढला, तर वरच्या दोन रिंगांमधली कड तुटून पडलेली.

मी तडक बोअर करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो आणि बरंच बोललो. पिस्टन हलके दिलेत, क्लिअरन्स कमी ठेवलात, वगैरे. त्यांनी शांतपणे मोजमापांचा कागद पुढे ठेवला, तुटका पिस्टन उजेडात धरला आणि एवढंच म्हणाले, "हा नॉकिंगने गेलाय. तुमचं टायमिंग बघा." नॉकिंग म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण नको तेव्हा आपोआप भडकणं; ठिणगी फार लवकर पडली की होतं. मी घरी आलो तो रागातच. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, तर मी दर महिन्याला गन (टायमिंग लाइट) लावून बघत होतो.

जुळवणी ओळखीचीच आहे, सगळे भाग निसानच्या एल मालिकेच्या इंजिनांचे: २.८ लिटर एल२८चा ब्लॉक, एलडी२८ डिझेलचा ८३ मिमी स्ट्रोकचा (पिस्टनची वर-खाली धाव तेवढी) क्रँक, मूळ २.४ लिटर एल२४चे १३३ मिमीचे रॉड, ८९ मिमीचे पिस्टन. एकूण ३,०९८ सीसी. मूळ गाडी २,३९३ची. पिस्टन ब्लॉकच्या माथ्याच्या अर्धा-पाऊण मिलीमीटर वर येतात म्हणून २ मिमीचं गॅस्केट. हेड एन४२ प्रकारचं, कॉम्प्रेशन रेशो माझ्या हिशेबाने १०च्या थोडा वर. बोअर ८६ वरून ८९ करायच्या आधी भिंतींची जाडी अल्ट्रासाऊंडने मोजून घेतली, तिथे पैसे वाचवले नाहीत.

वाचवले ते पुलीत. क्रँकच्या पुढच्या टोकाला असते ती, डॅम्परवाली. मधलं बूड, त्याभोवती रबर, रबरावर जड कडं. सहा सिलिंडर एका रांगेत म्हणजे क्रँक लांबलचक. प्रत्येक स्फोटाला तो किंचित पिळतो आणि परत उलगडतो. ती थरथर शोषून घेणं हे त्या कड्याचं काम. नवा डॅम्पर महाग होता, जुना "दिसायला" चांगला होता. वाळूने साफ केला, काळा रंग मारला, बसवला. त्या रबराचं वय जवळजवळ माझ्याएवढं आहे, हा विचार तेव्हा शिवला नाही.

आता गंमत अशी की टायमिंगची खूण त्या बाहेरच्या कड्यावर असते. रबर सुटलं की कडं बुडावरून हळूहळू सरकतं आणि खूणही त्याच्याबरोबर जाते. दहाव्या महिन्यापासून गन लावली की टायमिंग थोडं मागे पडलेलं दिसायचं, मी डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग) फिरवून पुढे आणायचो. पुढच्या महिन्यात परत तेच. मी डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पला शिव्या घालत होतो. गरम इंजिन चालू करताना स्टार्टरला उलटा झटका बसायचा, त्याचं खापर पेट्रोलवर फोडलं.

मिस्त्रींच्या बोलण्यानंतर चौथ्या दिवशी (राग उतरायला तेवढे लागले) पाचव्याचा पिस्टन परत बसवायच्या आधीच खरं टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वरच्या टोकाला असतो तो बिंदू, शोधलं. हेड उतरलेलंच होतं, त्यामुळे पहिल्या पिस्टनवर डायल गेज लावून काम झालं. हेड असेल तर प्लगच्या भोकात अडसर घालायचा, क्रँक हाताने हळूच एका बाजूला अडेपर्यंत फिरवायचा, पुलीवर रेघ, मग दुसऱ्या बाजूने रेघ; दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे टीडीसी. बॅटरीची वायर काढून, आणि सहाही प्लग बाहेर. माझी शून्याची खूण खऱ्या शून्यापासून सहा अंश लांब निघाली. पुलीच्या कडेवर एक अंश म्हणजे दीड मिलीमीटरही नाही, म्हणजे सगळा घोळ करंगळीच्या नखाएवढा. ठिणगी टीडीसीच्या ३५ अंश आधी पडते असं समजून मी ४१ अंशांवर गाडी पळवत होतो, तेही या कॉम्प्रेशन रेशोला.

नवा डॅम्पर बसवल्यावर अजून एक उलगडा झाला. ५,२०० आरपीएमच्या आसपास गिअर लिव्हरला एक झिणझिण यायची. तिच्यासाठी मी गिअरबॉक्सचं माउंटिंग बदललं होतं, मग प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करून घेतला. ती झिणझिण नव्या डॅम्परने गेली. या दोन कामांच्या पैशात डॅम्पर आला असता, हा हिशेब मी मुद्दाम केला आणि मग करायला नको होता असं वाटलं.

बाकी इंजिनाबद्दल. पहिल्या दोन महिन्यांत मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की दोन मूळ हिटाची कार्ब्युरेटरवर हे इंजिन गुदमरणार, तीन ४० मिमी मिकुनी घ्यावेच लागतील. ते मत मागे घेतो. ५,५०० च्या पुढे श्वास कमी पडतो हे खरं, पण खालचा जोर असा की तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० वर पाय दिला तरी गाडी न कुरकुरता निघते. गाडी जेमतेम टनभराची. वर ताणायचं कारणच उरत नाही, आणि ताणूही नये: ८३च्या स्ट्रोकवर ६,५०० ला पिस्टन जेवढा धावतो तेवढा मूळ २.४ला ७,३०० वर धावतो. रॉड-स्ट्रोक गुणोत्तरही १.८ वरून १.६ वर आलंय, म्हणजे पिस्टन भिंतीला जास्त रेलतो. ज्यांना आरपीएमची हौस आहे त्यांनी छोटा स्ट्रोकच ठेवावा. १९७३ची सफारी रॅली शेखर मेहतांनी २४०झेडमध्येच जिंकली, तीही २.४ वर. कुणी "३.१ कशाला?" विचारलं की माझ्याकडे धड उत्तर नाही.

पेट्रोल? लिटरला दहा द्यायची ती सातवर आली. चुकीच्या टायमिंगचा त्यात वाटा किती, ते आता कळेल.

पाचव्या सिलिंडरची भिंत होन करून वाचली. एकच पिस्टन नवा घेतला, तर तो बाकीच्यांपेक्षा चार ग्रॅम जड निघाला. मिस्त्रींनी आतून घासून जुळवला आणि बिलात लावला नाही. मी माफी मागितली नव्हती, त्यांनीही विषय काढला नाही. फक्त नव्या पुलीवरची खूण त्यांनी स्वतः तपासली. दोनदा.