एम.ए.च्या सुट्टीत वॉशिंग्टन की मुंबईची रिझर्व्ह बँक?

सोलापुरात एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असाल आणि धोरण-संशोधनात जायचं असेल, तर उन्हाळ्यासाठी दोन नावं हमखास कानावर येतात: वॉशिंग्टनमधला एखादा थिंक टँक, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणारी संस्था, आणि रिझर्व्ह बँकेचं समर प्लेसमेंट, म्हणजे उन्हाळ्यातली इंटर्नशिप. पहिल्याचं नाव काढलं की पाहुण्यारावळ्यांत वजन वाढतं, हे खरंच. पण हिशेब मांडून बघा.

रिझर्व्ह बँक महिन्याला 20,000 रुपये देते. मुंबईत खोली, डबा आणि लोकलचा पास यांतच ते संपतात, पण घरून फारसं मागवावं लागत नाही. वॉशिंग्टनला अनेक संस्था बाहेरच्या मुलांना घेतच नाहीत. ‘अमेरिकेत काम करण्याची परवानगी आधीच हवी’ ही ओळ जाहिरातीत तळाशी असते, ती आधी वाचा. घेणारी संस्था सापडलीच तर जे-1, म्हणजे शैक्षणिक देवाणघेवाणीचा अमेरिकी व्हिसा. त्याचे 185 आणि सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणी यंत्रणेचे 220 डॉलर, वर सक्तीचा आरोग्यविमा आणि विमानाचं तिकीट. खोलीचं भाडं महिन्याला सहज हजार डॉलरच्या पुढे जातं. मानधन नसेल तर हा सौदा सामान्य घराला झेपणारा नाही, आणि त्यासाठी कर्ज काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तारखा दोन्हीकडे अडचणीच्या. रिझर्व्ह बँकेचं काम एप्रिलपासून सुरू होतं, म्हणजे सत्र परीक्षेशी गाठ. वॉशिंग्टनचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, म्हणजे पुढच्या वर्षाची हजेरी बुडणार. विभागप्रमुखांशी आधीच बोलून ठेवा.

आता खरा मुद्दा, कामाचा. थिंक टँकमध्ये इंटर्नच्या वाट्याला तळटीपा तपासणं, तक्ते साफ करणं, कार्यक्रमाच्या दिवशी दारात नावाच्या चिठ्ठ्या वाटणं हेही येतं. जे-1 इंटर्नसाठी मात्र डीएस-7002 नावाचा प्रशिक्षण आराखडा भरावा लागतो, आणि कारकुनी काम 20 टक्क्यांपेक्षा जास्त नको असा नियम आहे. आराखडा सही करण्याआधी मागून घ्या. त्यात ‘संशोधनास साहाय्य’ एवढंच लिहिलं असेल तर सरळ विचारा: कोणता विषय, कोणाच्या हाताखाली? रिझर्व्ह बँकेत प्रकल्प नेमून मिळतो आणि शेवटी अहवाल तुमच्या हातचा असतो. मला हे जास्त मोलाचं वाटतं.

वॉशिंग्टनचं पारडं एकाच बाबतीत निर्विवाद जड: पुढे अमेरिकेत पीएच.डी. करायची असेल तर तिथल्या नावाजलेल्या अभ्यासकाचं शिफारसपत्र. तेही त्याने तुमचं काम खरोखर पाहिलं असेल तरच.

आणि तिथे असंघटित कामगारांवर टिपण लिहायची वेळ आली, तर सोलापूरच्या पोराकडे सांगण्यासारखं असतं. विडीची मजुरी हजारावर मोजतात, खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे बाईच्या हातात पडत नाहीत, हे आकडेवारीच्या फायलीत दिसत नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीत रायनगर या असंघटित कामगारांच्या वसाहतीत दोन दिवस फिरून या, कुठेही अर्ज करणार असलात तरी.

दोन्ही हवं असेल तर क्रम महत्त्वाचा. रिझर्व्ह बँक अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष बाकी असलेल्यांनाच घेते, जागा 125, अर्ज 15 ऑक्टोबर ते 15 डिसेंबर. जे-1 इंटर्न म्हणून मात्र पदवी मिळाल्यावरही 12 महिन्यांच्या आत जाता येतं. तेव्हा आधी मुंबईचा अर्ज भरा.