बेजायाच्या बंदरात पोचलेलं शून्य

"बाई, यात तुमचं शून्य आहे," असं म्हणत एका जुन्या विद्यार्थ्याने दिवाळीत 'द गोल्डन रोड' माझ्या हातात ठेवलं. विल्यम डॅलरिंपल यांचं हे इंग्रजी पुस्तक २०२४ मध्ये आलं. जुन्नर तालुक्यात मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे हातात पडल्यावर आधी शेवटची, गणिताची प्रकरणं वाचून काढली आणि मगच पहिल्या पानाकडे वळले. तुम्हीही तसंच करा.

पुस्तकाचं म्हणणं असं. इसवी सनापूर्वी २५० पासून इसवी सन १२०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेचौदाशे वर्षं, भारतातून धर्म, कला, भाषा आणि शास्त्रं चहूकडे गेली. ती नेली मुख्यतः व्यापाऱ्यांनी, भिक्षूंनी आणि पंडितांनी. सैन्याचं काम त्यात थोडं. आपण शाळेत 'रेशीम मार्ग' शिकवतो, पण ते नाव १८७७ मध्ये रिश्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने रूढ केलेलं आहे. रोमच्या काळात खरी वर्दळ होती ती मोसमी वाऱ्यावर चालणाऱ्या समुद्राच्या वाटेवर, असं लेखक सांगतो.

ही वाट आमच्या दारातून जात होती. दरवर्षी सहलीला मी नववीच्या मुलांना नाणेघाटात न्यायचे. जुन्नरचा माल इथून कोकणात उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा. घाटातल्या लेण्याच्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, त्यात यज्ञांत दिलेल्या दानांची मोजदाद कोरली आहे. सतराशे गायी दिल्या, तर ते कसं लिहिलंय? हजाराचं एक वेगळं चिन्ह, मग शंभराच्या चिन्हाला जोडलेला सात. स्थानिक किंमत नाही, शून्यही नाही. मुलांना मी तिथेच खाली बसवून पाटीवर एक, सात, शून्य, शून्य लिहायला लावायचे आणि विचारायचे, "आता सांगा, काय वाचलं?" कुणीतरी म्हणायचंच, "बाई, आपलं सोपंय." हे सोपं होण्यासाठी मधे कितीतरी पिढ्या खपल्या, आणि पुढे ते जगभर कसं गेलं याची गोष्ट मला या पुस्तकात सलग वाचायला मिळाली.

ब्रह्मगुप्त या गणितज्ञाने भिल्लमाळमध्ये, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळमध्ये, ६२८ साली ग्रंथ पुरा केला. त्यात शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम आहेत. धन म्हणजे जवळची संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज, आणि दोन ऋणांचा गुणाकार धन. मराठी माध्यमात आजही आपण 'ऋण संख्या' म्हणतो तो शब्द तिथलाच. पुढे ही विद्या बगदादला पोचली, आणि पोचवणाऱ्यांत बर्मकी घराणं होतं. खलिफांचे वजीर झालेले हे लोक मूळचे आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खच्या बौद्ध मठाचे रखवालदार. त्या मठाचं नाव नवबहार, म्हणजे आपला नवविहार! हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी अंगणात दोन फेऱ्या मारून आले. तिथून बगदादचा गणिती अल-ख्वारिज्मी, आणि मग इटलीतल्या पिसाचा गणिती फिबोनाची. वडिलांच्या कामामुळे तो उत्तर आफ्रिकेत बेजायाच्या बंदरात राहिला, तिथे भारतीयांचे अंक शिकला आणि १२०२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहून मोकळा झाला. माणसामागून माणूस, गावामागून गाव असा हा प्रवास लेखकाने फार सुरेख मांडला आहे.

तरी गणिताची शिक्षिका म्हणून माझी तक्रार इथेच आहे. अंक कुणी नेले ते कळतं, पण त्या अंकांनी हिशोब का सुटसुटीत झाला हे दाखवायला लेखक पुरेसा थांबत नाही. रोमन अंकांत एक साधा गुणाकार मांडून दाखवला असता तर दोन पानांत काम झालं असतं. ब्रह्मगुप्त शून्याला शून्याने भागल्यास शून्य येतं असं म्हणतो, आणि ते चुकीचं आहे. एवढा थोर माणूस कुठे अडला हे समजलं की मुलांना त्याची थोरवी जास्त पटते, हा माझा वर्गातला अनुभव.

दुसरी तक्रार आकड्याची. इजिप्तमध्ये सापडलेला, दुसऱ्या शतकातला मुझिरिसचा पपायरस, म्हणजे केरळच्या त्या जुन्या बंदराच्या व्यापाराचा लव्हाळ्याच्या कागदावरचा दस्त, प्रसिद्ध आहे. केरळहून गेलेल्या 'हर्मापोलोन' जहाजावरच्या मालाचा हिशोब त्यात आहे. हस्तिदंत, जटामांसी असा माल, आणि कर वजा जाता किंमत सुमारे ७० लाख सेस्टर्स (रोमन नाणी). कर तब्बल पंचवीस टक्के. इथपर्यंत मी वहीत आकडेमोड करत रमले होते. पण पुढे, या व्यापारावरच्या जकातीतून रोमच्या तिजोरीचं एक तृतीयांश उत्पन्न येत असावं, असा एका अभ्यासकाचा अंदाज लेखक पुढे करतो. एका जहाजाच्या कागदाचा त्याला मोठा आधार. एका मुलाचे गुण बघून अख्ख्या शाळेचा निकाल काढला तर मी पेपर परत दिला असता. अंदाज म्हणून वाचा, व्याख्यानात ठोकून सांगू नका.

ह्युएनत्संगाचा नालंदापर्यंतचा प्रवास उत्तम. जावातल्या बोरोबुदूर आणि कंबोडियातल्या अंगकोर इथल्या मंदिरांची पानं मी भराभर उलटली, नावांची गर्दी झाली. आमच्या घाटांना, लेण्यांना आणि पैठण-तेरसारख्या आतल्या पेठांना आणखी जागा हवी होती. बंदरात माल येतो तो कुणाच्या तरी बैलांच्या पाठीवरून.

इंग्रजी सरळ आहे. शब्दकोश मला दर चार-पाच पानांनी लागला, पण वाक्यात अडकायला झालं नाही. नकाशे आणि रंगीत चित्रं चांगली आहेत. पुस्तक मात्र जड, निजून वाचलं तर मनगट भरून येतं. टेबलावर ठेवून वाचा आणि शेजारी वही घ्या. आठवी ते दहावीला गणित किंवा इतिहास शिकवणाऱ्यांनी शाळेच्या ग्रंथालयासाठी जरूर मागवावं. माझी प्रत मी माझ्या जुन्या शाळेला देणार आहे, समासातल्या पेन्सिलीच्या खुणांसकट.